रक्ताची चाचणी आणि श्रद्धेची कसोटी

पवित्र ओस्तीतून रक्त पाझरले, मातेच्या मूर्तीच्या डोळ्यांतून रक्ताश्रू ओघळले, संताच्या अवशेषांवर ताजे रक्त दिसले, अशा कथा ख्रिस्तसभेत शतकानुशतके सांगितल्या जात आहेत. गेल्या पन्नास वर्षांत मात्र या कथांचा शेवट बदलला आहे. पूर्वी त्या पश्चात्तापाच्या प्रसंगाशी थांबत. आता त्या प्रयोगशाळेच्या अहवालाशी थांबतात. पुस्तिका, भित्तिफलक आणि प्रवचने यांतून पसरलेल्या या नव्या भक्तिवाङ्मयाची गंभीर समीक्षा मराठी ख्रिस्ती वाचकांसमोर यावी असे बरेच दिवस मनात होते. हे वाङ्मय माझ्याच तोंडून वेदीवरून बोलले गेल्यामुळे ते लिहिणे हे माझे कर्तव्यही झाले आहे.

जळगाव जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांचे प्रदर्शन भरले होते. संत कार्लो अकुतिस (१९९१–२००६) या इटालियन कुमाराने संगणकावर जमविलेल्या माहितीवर आधारलेले हे फलक जगभर फिरतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी कार्लोला संतपद मिळाल्यापासून त्यांचे आकर्षण आणखी वाढले आहे. मिस्सेच्या प्रवचनात मी इटलीतील लांचानो येथील चमत्काराचा उल्लेख केला आणि आवेशाने सांगितले, "जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने पाचशे चाचण्या करून हे मान्य केले आहे. विज्ञानाने आता गुडघे टेकले आहेत." लोक प्रसन्न झाले. मीही झालो.

मिस्सेनंतर एक तरुणी जवळ आली. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञ असून शिरपूर व साक्री तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलच्या तपासणी शिबिरांत काम करते. तिने तीन प्रश्न विचारले. "फादर, नमुना कोणी काढला? तो सीलबंद कोणासमोर झाला? आणि तपासणाऱ्याला तो कशाचा आहे हे आधी सांगितलं होतं का?" तिची आई बाजूला उभी होती. ती लेकीला म्हणाली, "गप बस, फादरांना असं विचारतात का?" मी हसून वेळ मारून नेली. परंतु त्या रात्री मी आपले टिपण काढून बसलो, तेव्हा तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ज्या आयोगाचे नाव मी घेतले होते, त्याचा जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेला अहवाल मी पाहिला नव्हता. मी ते विधान एका पुस्तिकेतून घेतले होते. त्या पुस्तिकेने ते दुसऱ्या पुस्तिकेतून घेतले होते. कोणतीही पुस्तिका मूळ कागद पुढे ठेवीत नव्हती.

प्रथम या फलकांकडे वाङ्मय म्हणून पाहू. लांचानोची परंपरागत कथा आठव्या शतकातील मानली जाते. मिस्सा अर्पण करणाऱ्या एका संन्यासी धर्मगुरूच्या मनात ख्रिस्ताच्या सान्निध्याविषयी संशय होता; त्याच्या हातात भाकरीचे मांस व द्राक्षरसाचे रक्त झाले. बोल्सेना येथील १२६३ ची कथाही अशाच एका संशयी धर्मगुरूची आहे. या कथांचे केंद्र रक्तात नाही, ते त्या माणसाच्या थरथरणाऱ्या हातांत आहे. सवयीने मिस्सा म्हणणाऱ्या धर्मगुरूला आपण काय करीत आहोत याची जाणीव व्हावी, हा त्यांचा हेतू. तीस वर्षे रोज वेदीजवळ उभा राहिलेला कोणताही धर्मगुरू त्या कथा ऐकताना आत कुठेतरी हलतो. नव्या फलकांवर तो संशयी माणूस दोन ओळींत आटोपतो आणि उरलेली जागा ऊतक, रक्तगट व प्रथिने यांना मिळते. क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत: 'सिद्ध झाले', 'मान्य करण्यात आले', 'आढळून आले'. कोणी सिद्ध केले, कोठे प्रसिद्ध केले, कोणी पुन्हा पडताळले, हे सांगणारा कर्ता वाक्यात नसतो. कर्त्यावाचून चालणारे वाक्य भक्तिगीतात शोभेल. साक्षीच्या जबानीत ते चालत नाही.

आता चाचण्यांकडे वळू. डाग रक्ताचा आहे काय, हा एक प्रश्न वाटतो. वस्तुतः ते चार प्रश्न आहेत. पहिला, हे रक्त असण्याची शक्यता आहे काय? यासाठी प्राथमिक चाचण्या असतात. फिनॉल्फ्थॅलीनच्या द्रावणाने गुलाबी रंग येतो. पण तोच रंग मुळ्यासारख्या भाजीच्या रसानेही येऊ शकतो आणि काही धातूंच्या क्षारांनीही. दुसरा, हे खात्रीने रक्तच आहे काय? तिसरा, ते मानवाचे आहे काय? १९०१ मध्ये उलेनहुथ या जर्मन शास्त्रज्ञाने मानवी व प्राण्यांचे रक्त वेगळे ओळखण्याची पद्धत दिली, तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर देता येते. चौथा, ते कोणाचे आहे आणि येथे कसे आले? या चौथ्या प्रश्नाचा पूर्वार्ध डीएनए काही अंशी सोडवू शकतो, परंतु त्यासाठी तुलनेला दुसरा नमुना लागतो. उत्तरार्ध कोणतीही परीक्षानळी सोडवीत नाही. तेथे डब्याचे कुलूप, किल्ली आणि साक्षीदार यांचीच चौकशी करावी लागते.

खान्देशातील वाचकांना ही गोष्ट परकी नाही. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शिबिरांत सिकलसेलची पहिली चाचणी होते, तेव्हा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले म्हणून कोणी त्या मुलाला रुग्ण ठरवीत नाही. ते मूल केवळ वाहक आहे की खरोखर आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिसची पुढची तपासणी झाल्याखेरीज कळत नाही. पहिल्या पायरीवर थांबून आईच्या हाती अंतिम निकाल देणारा तंत्रज्ञ अपराधी ठरेल. आमची चमत्कार-पुस्तिका नेमके हेच करते. पहिल्या वा दुसऱ्या पायरीवर मिळालेले उत्तर ती चौथ्या पायरीचे म्हणून वाचकाच्या हाती देते.

लांचानोच्या बाबतीत न्याय्य बोलायचे तर असे म्हणता येईल. अरेझ्झो येथील रुग्णालयातील तज्ज्ञ डॉ. ओदोआर्दो लिनोली यांनी १९७०–७१ मध्ये तेथील अवशेषांची तपासणी केली आणि आपला निबंध १९७१ मध्ये इटलीतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मांस हे हृदयाच्या स्नायूचे, रक्त मानवी आणि दोन्हींचा गट एबी, असा त्यांचा निष्कर्ष होता. लिनोली यांनी आपले नाव घालून, पद्धत सांगून लिहिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. परंतु त्या तपासणीत अवशेषांचे वय ठरविण्याचा प्रयत्न नव्हता. ते मांस आठव्या शतकात भाकरीतून झाले, की पुढील शतकांत कोणी आणून ठेवले, याविषयी सूक्ष्मदर्शक मुका आहे. लिनोलींनी जेवढे पाहिले तेवढे सांगितले. पुढची उडी पुस्तिकाकारांनी मारली.

'सर्व चमत्कारांत रक्तगट एबीच निघतो' हा दावा तर आता प्रत्येक प्रवचनात ऐकू येतो. लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले, ते ताज्या रक्तासाठी. रक्तगट ठरविणारे शर्करायुक्त घटक मानवी पेशींवरच असतात असे नाही. अनेक जिवाणूंच्या आवरणावरही त्यांच्याशी मिळतेजुळते घटक आढळतात. शेकडो वर्षे उघड्या हवेत राहिलेल्या, असंख्य हातांनी हाताळलेल्या वस्तूत ए आणि बी या दोन्हींचा प्रतिसाद मिळणे म्हणूनच आश्चर्याचे नाही. शिवाय गट जुळला म्हणजे माणूस तोच ठरत नाही. रक्तपेढीत एबीची पिशवी मिळाली म्हणून दाता कोण, हे कोणी ओळखू शकेल काय?

रोमजवळच्या चिवितावेक्किया गावी १९९५ साली मातेच्या लहानशा मूर्तीच्या डोळ्यांतून रक्त ओघळल्याचे दिसले. चाचणीत ते मानवी रक्त निघाले, आणि पुरुषाचे निघाले. भाविक म्हणाले, पुरुषाचे म्हणजे प्रभूचे. संशयी म्हणाले, पुरुषाचे म्हणजे घरातील कोणाचे तरी. घरातील पुरुषांच्या रक्ताशी तुलना झाली नाही आणि प्रश्न तेथेच अडकला. याउलट अमेरिकेतील युटा राज्यात कर्न्स येथे, संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच नावाच्या चर्चमध्ये, २०१५ साली पाण्यात ठेवलेली ओस्ती लाल झाली आणि गर्दी लोटली. धर्मप्रांताने समिती नेमली, तपासणी करविली आणि हा भाकरीवर वाढणाऱ्या लाल सूक्ष्मजीवांचा नैसर्गिक परिणाम आहे असे काही आठवड्यांत जाहीर केले. या दोन प्रसंगांतील दुसरा मला अधिक धार्मिक वाटतो. तो कोणत्याही फलकावर नाही, हे मात्र खटकते. फक्त होकार देणाऱ्या साक्षीदारांनाच बोलावणाऱ्या न्यायालयावर कोण विश्वास ठेवील?

लाल डागाचा हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. १८१९ साली इटलीत पादुआजवळील गावात मक्याच्या पिठाच्या खाद्यावर रक्तासारखे डाग उठले आणि लोक भयभीत झाले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने ते सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे दाखवून दिले व त्या जीवाला 'सेराशिया' असे नाव दिले. ओलसर, पिष्टमय पदार्थावर तो सहज वाढतो. हे ज्ञान नव्हते त्या शतकांत ओस्तीने रक्त गाळल्याची अफवा उठली की युरोपातील ख्रिस्ती जमाव यहुदी वस्तीकडे वळत असे. यहुद्यांनी ओस्तीला भोसकले असा आरोप होई. १५१० मध्ये बर्लिन येथे ओस्तीच्या विटंबनेच्या आरोपावरून ३८ यहुद्यांना जाळण्यात आले. ब्रसेल्सच्या कॅथेड्रलमध्ये १३७० च्या अशाच आरोपाची रंगीत काचचित्रे आहेत. तो आरोप निराधार होता हे सांगणारा फलक तेथे ख्रिस्तसभेने १९७७ साली लावला. चमत्काराच्या नावाने खोटे बोलले गेले तेव्हा खरे रक्त सांडले, हा आमचाच इतिहास आहे. चौकशीचा आग्रह धरणाऱ्यास श्रद्धाहीन म्हणण्यापूर्वी त्याचे स्मरण असावे.

सेमिनरीत संत थॉमस अक्विनास यांचे ग्रंथ आम्हाला शिकविले गेले. त्यातील एक गोष्ट आम्ही पुढे विसरलो. पवित्र मिस्सेत भाकरीचे सत्त्व बदलते, तिचे बाह्य गुणधर्म बदलत नाहीत. म्हणजे अभिमंत्रित ओस्ती प्रयोगशाळेत दिली तर गहूच निघेल, आणि तसाच निघाला पाहिजे. गहू निघाला म्हणून आमची श्रद्धा खोटी ठरत नाही. मग हृदयाचा स्नायू निघाला म्हणून ती खरी कशी ठरेल? ओस्तीच्या जागी मांस दिसल्याच्या प्रसंगांची चर्चा संत थॉमस यांनी स्वतः केली आहे, आणि दिसणारे ते रूप हे ख्रिस्ताचे स्वर्गातील स्वरूप नव्हे, असेच ते सांगतात. काही चर्चमध्ये जतन केलेले रक्त ख्रिस्ताच्या कुशीतून वाहिलेले नाही, कारण तो आपल्या सर्व रक्तासह उठला, हेही त्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले. आठशे वर्षांपूर्वीचा हा गुरू आजच्या पुस्तिकाकारांपेक्षा अधिक सावध आहे.

सावधपणाचा दाखला आपल्या काळातही आहे. तुरीनच्या कफनाच्या धाग्यांची ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने तपासणी केली आणि काळ निघाला १२६० ते १३९०. १३ ऑक्टोबर १९८८ रोजी हा निकाल जगाला सांगितला तो कोणा नास्तिकाने नव्हे, तुरीनचे कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी. त्या निकालावर पुढे शंका घेतल्या गेल्या. कफनावरील डागांत रक्त आहे की गेरू व हिंगूळ, हा वादही मिटलेला नाही. पण प्रतिकूल निकाल स्वतःच्या मुखाने सांगणाऱ्या त्या कार्डिनलांनी ख्रिस्तसभेची जी प्रतिष्ठा राखली, ती शंभर अनुकूल पुस्तिकांनी वाढली नसती.

आपल्या प्रदेशात आम्ही कसे वागलो? मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला येथे वेलंकणी मातेच्या चर्चच्या परिसरातील क्रुसावरील प्रभूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांनी ते तीर्थ म्हणून प्राशन केले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी करून सांगितले की, तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत आहे. महाधर्मप्रांताने तो चमत्कार असल्याचे कधीही जाहीर केले नव्हते. तरीही आमच्यातील काही संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली पोलिसांत तक्रारी केल्या आणि एडामारुकू देश सोडून गेले. वाहिनीवरील चर्चेत त्यांनी ख्रिस्तसभेवर केलेले आरोप मला अन्यायाचे वाटतात. गटारातील एक गळती सापडली म्हणून दोन हजार वर्षांची श्रद्धा फसवणूक ठरत नाही. त्यांनीही पहिल्या पायरीवरून चौथीवर उडी मारली. पण सांडपाणी पिणाऱ्या भाविकांना आजारापासून वाचविणारे बोल कोणाचे होते, आमचे की त्यांचे? सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा पृष्ठताणाचे स्पष्टीकरण आम्ही किती आनंदाने एकमेकांना सांगितले होते! दुसऱ्याच्या अंगणात लावलेला दिवा आपल्या ओसरीवरही लावावा लागतो.

दुसरा प्रसंग गोव्याचा. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात भरले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये, हे अवशेष संतांचे नव्हेतच, त्यांची डीएनए चाचणी करा, अशी जाहीर मागणी झाली. त्या मागणीमागे ज्ञानाची तहान नव्हती, हे उघड होते. लोक दुखावले, रस्त्यावर आले. तेथील ख्रिस्तसभेने संयमाचे आवाहन केले. दुःख मी समजू शकतो. परंतु आमच्या बोलण्यातील विसंगती मला टोचते. लांचानोची चाचणी झाली की आम्ही 'विज्ञानाने मान्य केले' म्हणून टाळ्या वाजवितो आणि गोव्याच्या चाचणीचे नाव निघाले की तोच शब्द अपमान ठरतो.

वास्तविक येथे आमच्यापाशी उत्तम उत्तर होते. झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर वारले. त्यांचे शव १५५३ मध्ये मलाक्का येथे आणि १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात आले, आणि कोणी आणले, कोणी उघडले, कोठे ठेवले याच्या नोंदी आहेत. विजरईचा वैद्य कॉस्मास साराइव्हा याने शव तपासले. जखमेत बोट घालायला लावून त्यावर आलेले रक्त त्याने हुंगून पाहिले आणि दुर्गंधी नाही अशी साक्ष दिली. ही साक्ष १५५६ मध्ये नोंदली गेली. आपल्या किनाऱ्यावरील अवशेष-रक्ताची ही जणू पहिली चाचणी, आणि तिचे साधन होते नाक! आज ती पुरेशी मानता येणार नाही. पण नाव, हुद्दा आणि साक्ष तिच्यात आहे, जे आमच्या चकचकीत फलकांत नाही. डीएनए चाचणीने फार तर तो मनुष्य कोणत्या भूभागातील होता याचा अंदाज येईल. तुलनेच्या नमुन्यावाचून नाव कळणार नाही. ती करावी की नाही हे तेथील महागुरुस्वामींनी ठरवावे. आम्ही मात्र तिला भिण्याचे कारण नाही. कारण आम्ही तेथे न कुजलेल्या देहाला वंदन करण्यास जात नाही. त्या देहाने दहा वर्षे पूर्वेच्या किनाऱ्यांवर पायी केलेल्या सेवेला वंदन करण्यास जातो.

कोणी म्हणेल, 'फादर, या फलकांमुळे तरुण पुन्हा मिस्सेला येऊ लागले आहेत. तुम्ही कशाला शंका पेरता?' हा आक्षेप मी हलका मानीत नाही. कार्लोची ओस्तीवरील प्रीती निर्मळ होती आणि तिने अनेकांना स्पर्श केला आहे. परंतु जो तरुण 'विज्ञानाने सिद्ध केले' या वाक्यावर आत येतो, तो त्याच वाक्याचे खंडन भ्रमणध्वनीवर वाचून बाहेरही जाईल. आणि जाताना केवळ लांचानो नव्हे, मिस्साही मागे टाकून जाईल. प्रभूनेही आकाशातील चिन्ह मागणाऱ्यांना चिन्ह नाकारले होते. भाकरी खाऊन तृप्त झालेल्या लोकांना त्याने स्वतःविषयीचे कठीण वचन सांगितले, तेव्हा पुष्कळ जण सोडून गेले. त्यांना थोपविण्यासाठी त्याने नवा चमत्कार केला नाही.

ख्रिस्तसभेची शिस्तही हेच सांगते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बिशपांच्या परीक्षेविना नवे चमत्कार व नवे अवशेष स्वीकारण्यास मनाई केली. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदींपैकी २०२५ पर्यंत केवळ ७२ घटनांना चमत्कार म्हणून मान्यता मिळाली. १७ मे २०२४ रोजी रोमहून आलेल्या नव्या नियमावलीनुसार अशा घटनांच्या चौकशी समितीत धर्मशास्त्रज्ञ, धर्मविधिज्ञ आणि त्या विषयाचा तज्ज्ञ असलाच पाहिजे. आणि सर्व चौकशीनंतरही घटना दैवी असल्याचे बिशप सामान्यतः जाहीर करीत नाहीत, भक्तीस अडथळा नाही इतकेच सांगतात. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना प्राण गमवावे लागले. तथाकथित चमत्काराच्या नावाने पैसे उकळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा आमच्याविरुद्ध आहे असे मला वाटत नाही. आमचे जुने धर्मनियम ज्या दिशेने बोट दाखवितात, तिकडेच तोही दाखवितो.

पुढच्या रविवारी मी वेदीवरून सांगितले की, आयोग व पाचशे चाचण्यांविषयी मी जे बोललो त्याला माझ्यापाशी आधार नाही आणि ते मी परत घेतो. चर्चमध्ये क्षणभर शांतता पसरली. मिस्सेनंतर एक वृद्ध माउली हात जोडून म्हणाली, "फादर, ओस्ती घेताना मी कधी रक्तगट इचारला होता का?"

ती तंत्रज्ञ तरुणी त्या दिवशी मिस्सेला नव्हती; एका पाड्यावर शिबिर होते. ती तेथे मुलांच्या बोटांतून रक्ताचे थेंब घेत असणार, प्रत्येक नळीवर नाव लिहीत असणार आणि पहिल्या चाचणीवर समाधान न मानता नमुने पुढे पाठवीत असणार. प्रदर्शन पुन्हा भरेल तेव्हा फलकांच्या शेवटी कर्न्सचा एक फलक लावावा आणि तो लिहून देण्याची विनंती तिला करावी, असे मी ठरविले आहे. तिच्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या फलकावर नसतील, त्यावर 'सिद्ध झाले' हे शब्द राहणार नाहीत.